शाकुहाचीचे ‘हजार वर्षं न बदललेले’ सूर: एक खुलासा

शाकुहाची या जपानी बासरीवरच्या झेन (ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ) धुना तांगकालीन (सातवं ते दहावं शतक) चीनमधून जशाच्या तशा चालत आल्या, असा मजकूर फिरतोय. तसं नाही. ही कथा १७९५ साली छापलेल्या ‘क्योताकु देन्की कोकुजीकाई’ या पुस्तकातली, बहुतेक अभ्यासक ती रचलेलीच मानतात. डोक्यावर टोपली घालून शाकुहाची वाजवत हिंडणाऱ्या कोमुसो भिक्षूंना सवलती देणारी १६१४ची सनदही बनावट मानली जाते. (बनावट सनदा काय फक्त आपल्याकडेच निघतात?) १८७१मध्ये जपान सरकारनं या भिक्षूंचा फुके हा झेन पंथच बरखास्त केला.

‘अस्सल’ म्हणून ऐकवलं जाणारं बरंचसं वादन शाकुहाचीवादक कुरोसावा किंको (१७१०–१७७१) यांनी गोळा केलेल्या सुमारे ३६ रचनांच्या परंपरेतलं आहे. बासरीही बदलली: आजची बहुधा आतून लेप दिलेली, मधोमध दोन तुकड्यांत सुटणारी असते.