मुलांसाठी जावं लागतं, दुसरं काय!

वय चाळिशीपुढे गेलेलं, घराचा हप्ता चालू, सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीवर पाच मिनिटं बोलण्याचा अधिकार हाती आलेला. अशा माणसाला ॲनिमेशनचे सिनेमे आवडणं शोभत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण घरात मुलं असतात, मे महिन्याची सुट्टी लागते, बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि मल्टिप्लेक्समध्ये एसी असतो. प्रसंग टळत नाही. तेव्हा प्रौढपणाला ओरखडाही न उठता दीड-दोन तासांनी बाहेर कसं पडायचं, एवढंच इथे सांगतो.

पहिली गरज मुलाची. एकट्याचं तिकीट काढून कार्टूनला शिरणारा माणूस खिडकीवरच उघडा पडतो. स्वतःचं मूल कॉलेजात गेलं असेल तर भाचा, पुतणी, खालच्या मजल्यावरचा बंटी, जे हाताशी असेल ते घ्या. त्यांच्या आईला दोन तास निवांत मिळतात, त्यामुळे सहसा कोणी नाही म्हणत नाही. वय मात्र बघून घ्या. चारच्या आतलं मूल ऐन रंगात आलेल्या प्रसंगी शू लागली म्हणतं आणि तुम्हाला उठावं लागतं. (त्याचं तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही. तुम्हाला सिनेमा आवडत नाहीये.) बाराच्या पुढचं मूल आणखी धोक्याचं. ते निघायच्या वेळी ‘शी, हे लहान मुलांचं आहे’ म्हणून सोफ्यावर पडून राहतं आणि तिकिटं तुमच्या मोबाइलमध्ये. अशा वेळी गडबडून न जाता ‘आता पैसे भरलेत तर वाया कशाला घालवायचे’ असं घरभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावं आणि चपला घालाव्यात. हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही चालतं. त्यावर उलट प्रश्न आलेला मी ऐकलेला नाही.

आत बसल्यावर हसणं सांभाळा. आधी मुलाला हसू द्यावं, मग त्याच्याकडे कौतुकाने बघत आपण हसावं. शेजारच्यांना वाटतं, तुम्ही मुलाला हसताय. अडचण होते ती मूल हसून थांबलं तरी तुमचं हसू थांबत नाही तेव्हा. ‘झूटोपिया’त (२०१६) पोलिसातली ससुली एका गाडीचा नंबर शोधायला वाहन नोंदणी कार्यालयात जाते आणि बघते तर प्रत्येक खिडकीमागे स्लॉथ बसलेला. या प्राण्याला पापणी मिटायलाही वेळ लागतो. मूल त्याच्या तोंडाकडे बघून हसतं आणि पॉपकॉर्नकडे वळतं. आरटीओत अर्धा दिवस घालवून आलेला माणूस मात्र खुर्चीतून घसरतो. हा विनोद नक्की कोणासाठी लिहिला असेल, असले विचार तिथे करत बसू नका. खोकला काढा.

सिनेमा निवडताना पोस्टरवर विसंबू नका. पोस्टरवर नारिंगी मासा दिसतो, तुम्ही म्हणता, चला, समुद्र आहे, रंग आहेत, पोरं खूश. आणि ‘फाइंडिंग निमो’ (२००३) नीट सुरू होतोय तोच निमोची आई आणि तिची अंडी एका झटक्यात जातात. उरतं एकच. पुढचा सगळा सिनेमा त्या एका पिल्लाच्या बापाचा. पोर नजरेआड झालं की याचा जीव कासावीस, शाळेच्या पहिल्या दिवशी ‘जपून’, ‘लांब जाऊ नकोस’, आणि पोरगं नेमकं त्या कटकटीला वैतागूनच लांब जातं. हाच मासा रोज संध्याकाळी तुमच्या घरात, शाळेची बस कुठे पोचली ते मोबाइलवर बघत बसलेला असतो. त्याच्याकडे फार वेळ पाहू नये. पोरं शार्क बघतात, तुम्हीही शार्कच बघा.

‘द इन्क्रेडिबल्स’चंही (२००४) तेच. नाव महामानवांचं आणि पडद्यावर कोण, तर पोट सुटलेला विमा कंपनीतला कारकून. खुर्चीत मावत नाही, गाडीत मावत नाही, लोकांना त्यांचे दावे मिळवून देतो म्हणून बुटका साहेब झापतो. बायकोला बोलिंगला जातो सांगून रात्री मित्राबरोबर गाडीत बसतो आणि जुने पराक्रम उगाळतो. बायको शेजारच्या खुर्चीत असेल तर या प्रसंगात समोरच बघावं. ‘मॉन्स्टर्स इंक’मध्ये (२००१) मुलांच्या किंकाळ्यांवर चालणारी वीज कंपनी आहे, तिथे कोणी जास्त किंकाळ्या जमवल्या याचा फलक भिंतीवर लागलेला असतो. महिनाअखेरीला तर हा सिनेमा बघूच नये.

पण सगळ्यात घातक ‘अप’ (२००९). याच्यावर वैधानिक इशारा का छापत नाहीत, कळत नाही. नायक कार्ल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, हातात चार पायांची काठी. सुरुवातीलाच त्याच्या संसाराची चारेक मिनिटं येतात. संवाद एकही नाही, फक्त मायकेल जियाकिनोचं संगीत, ज्याला पुढे ऑस्कर मिळालं. नवराबायको फुगेवाल्याच्या पगारात घर सजवतात. मूल होणार नाही हे दवाखान्यात कळतं, तेही न बोलता. मग दक्षिण अमेरिकेतल्या एका धबधब्यावर जायचं ठरतं आणि बरणीत नाणी पडू लागतात. गाडीचं टायर बसतं, बरणी फोडा. कार्लचा पाय मोडतो, बरणी फोडा. छपरावर झाड कोसळतं, बरणी फोडा. केस पांढरे झाल्यावर एक दिवस तो खरंच विमानाची तिकिटं काढतो, तोवर तिला नेहमीची टेकडी चढवत नाही.

‘रिटायर झालो की निवांत युरोप करू’ म्हणून ज्यांनी बायकोला वीस वर्षं थांबवलंय, मध्ये क्लासची फी, मग वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग घराचा रंग, त्यांनी ही चार मिनिटं पाणी आणायला बाहेर जावं. नाही जमलं, तर निदान शेजारून येणाऱ्या ‘बाबा, फुगे कधी?’ या प्रश्नावर घट्ट लक्ष ठेवावं. मुलाला त्या भागात काही रस नसतो. घराला फुगे बांधून ते उडालं आणि बोलणारा कुत्रा आला की त्याचा सिनेमा सुरू होतो. तुमचा तोवर संपलेला असतो.

रडू आलंच तर ‘डोळ्यात कचरा गेला’ म्हणू नका. वातानुकूलित सभागृहात कचरा कुठून येणार? त्यापेक्षा थ्रीडीचा खेळ गाठा. त्या चष्म्याने चित्र थोडं काळपट दिसतं, नाकाला टोचतं, तिकीट महाग पडतं, पण बापलोकांसाठी इतकी सोयीची वस्तू सिनेमाच्या धंद्यात दुसरी नाही. फ्रान्समधला २००९चा कान चित्रपट महोत्सव ‘अप’नेच सुरू झाला. ॲनिमेशनपटाला तो मान पहिल्यांदाच मिळाला, आणि त्या संध्याकाळी काळ्या सुटाबुटातली निवडक मंडळी ते चष्मे लावून बसली होती. आत काय चाललं होतं, ते चष्म्यांनाच माहीत.

सिनेमा संपल्यावर कोणी ‘कसा वाटला’ विचारलं तर ‘आवडला’ हा शब्द चुकूनही निघता कामा नये. ‘मुलांना मजा आली’ हे रोजच्या वापराला पुरतं. चारचौघांत वजन हवं असेल तर जपानी सिनेमाचा आधार घ्या. सबटायटल वाचावी लागली की करमणुकीचा आपोआप अभ्यास होतो. हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ला २००२मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, एवढं म्हटलं की तुम्ही दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट पाहत होतात, हे कोणी काढत नाही. एक दक्षता: त्यात दुसऱ्याच्या दुकानातल्या अन्नावर न विचारता ताव मारणाऱ्या आईवडिलांची सुरुवातीलाच डुकरं होतात. नाचोजचा डबा त्याआधी खाली ठेवावा.

देवाचं असेल तर मात्र वरचे सगळे नियम माफ. २०२५च्या जुलैत ‘महावतार नरसिंह’ आला, तेव्हा आख्खी कुटुंबं गेली. ज्यांनी आयुष्यात कार्टूनला नाक मुरडलं ते काकासुद्धा गेले, कोणाचंही मूल उसनं न घेता गेले, आणि बाहेर येऊन ‘काय काम केलंय!’ म्हणाले. तिथे ॲनिमेशन पाहत नाहीत, दर्शन घेतात. त्यामुळे फारच तल्लफ आली आणि मूल मिळालं नाही, तर पुराणातलं काही लागलंय का बघा.

आता तुमच्या ओळखीत एखादा शहाणा असतोच. तो तुम्हाला इतिहास सांगेल. ‘स्नो व्हाइट’ला (१९३७) आधी हॉलिवुडने वेड्यात काढलं होतं आणि मग वॉल्ट डिस्नेला एक मोठं नि सात छोटी अशी ऑस्करची बाहुली द्यावी लागली, वगैरे. त्याला एवढंच सांगा की ती बाहुली डिस्नेच्या हातात ठेवली शर्ली टेंपल या बालनटीने आणि शर्ली तेव्हा दहा वर्षांची होती. म्हणजे मुलांचाच कार्यक्रम. मग तो हुकमाचा पत्ता काढेल: दादासाहेब फाळके. १९१५ साली पंचेचाळिशीला टेकलेल्या, संसारी, कर्जाचे चटके खाल्लेल्या या गृहस्थाने आगपेटीतल्या काड्या कॅमेऱ्यापुढे एकेक चित्र घेत हलवल्या आणि ‘आगकाड्यांची मौज’ केली. इथे जरा पंचाईत आहे, कारण फाळक्यांच्या विरोधात मराठी माणसाला बोलता येत नाही. ‘हो, फार मोठा माणूस’ म्हणून हात जोडावेत आणि काड्यांचा विषय टाळून ‘राजा हरिश्चंद्र’वर यावं.

ऑस्करवालेही तसे आपल्याच बाजूचे आहेत. मुलांची पंगत आधी उरकली की मोठ्यांना निवांत जेवता येतं, या हिशेबाने त्यांनी २००१च्या सिनेमांपासून ॲनिमेशनला वेगळं बक्षीस सुरू केलं. ‘अप’सारखा एखादा आगंतुक तरीही मोठ्यांच्या पानावर येऊन बसतो, सर्वोत्तम चित्रपटाचं नामांकन घेतो, पण घास त्याला मिळत नाही. २०२२च्या सोहळ्यात तर मंचावरूनच सांगितलं गेलं की हे सिनेमे मुलं पुन्हा पुन्हा बघतात आणि काय सोसावं लागतं ते पालकांनाच ठाऊक. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो ‘पिनोकियो’चं बक्षीस घ्यायला आला आणि ॲनिमेशन म्हणजे सिनेमाच, असं सुनावून गेला. टाळ्या दोन्ही वेळा पडल्या. त्यामुळे फार काळजी नको.

घरातल्या घरात पाहायची वेळ आली तर ज्येष्ठांकडून शिका. नातू क्लासला गेलेला असतो, आजोबा शेवचिवड्याची वाटी घेऊन ‘टॉम अँड जेरी’पुढे बसलेले असतात, आणि चॅनल बदलायला गेलं तर ‘राहू दे, तो येईल आता’ म्हणतात. तो सात वाजता येणार असतो.

तुम्हाला एवढी मोकळीक मिळायला अजून वेळ आहे. तोवर मुलं झोपल्यावर, आवाज कमी करून, आणि ही शेवटची सूचना कृपा करून विसरू नका, मुलांच्याच प्रोफाइलवरून बघा. म्हणजे काय पाहिलं, कितीदा पाहिलं आणि कुठला प्रसंग मागे नेऊन परत पाहिला, याचा सगळा आळ त्यांच्यावर जातो. सकाळी लेक म्हणाली, ‘बाबा, मी हे लावलंच नव्हतं, मग हे अर्ध्यावर कोणी थांबवलंय?’ तर मोबाइल आणि टीव्हीच्या अतिवापरावरून तिला चार शब्द सुनवा, आणि रिमोट दोन दिवस स्वतःकडे ठेवून घ्या.