पर्यटक किती आले यापेक्षा पैसा कुठे गेला ते बघू

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पर्यटन वाढवा म्हणणं म्हणजे लोकांच्या पैशानं हॉटेलवाल्यांची धन करणं. घरभाडी भडकतात, कचरा पालिकेच्या गळ्यात पडतो, तिजोरीत मात्र खडखडाट. तेव्हा पालिकेनं यावर दमडीही खर्चू नये.

घरभाड्याबद्दल वादच नाही. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे १० हजार फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे, असं बार्सिलोनानं २०२४ मध्ये जाहीर केलं ते उगाच नाही.

तिजोरीचं मात्र पटत नाही. खडखडाट असतो तो कर चुकीच्या जागी लावल्यामुळे, किंवा लावलाच नसल्यामुळे. मुक्कामाला राहणारा हॉटेलच्या बिलातून कर भरतो. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा गर्दी करतो, कचरा टाकतो आणि पालिकेला जवळपास काहीच देत नाही. व्हेनिसनं २०२४ मध्ये निवडक २९ दिवस नेमक्या याच पाहुण्यांकडून ५ युरो घेतले. सुमारे २४ लाख युरो जमले. गर्दी हटल्याचं काही दिसलं नाही, पण तो वेगळा प्रश्न. ॲमस्टरडॅमनं त्याच वर्षी मुक्कामाचा कर थेट साडेबारा टक्क्यांवर नेला, शिवाय क्रूझमधून उतरणाऱ्यांवरचा कर माणशी १४ युरो केला. बोटीवरच जेवून बोटीवरच झोपणाऱ्याकडून शहराला एरवी मिळणार तरी काय?

आता हॉटेलवाल्यांची धन. एका खोलीचं बिल घ्या. बुकिंगचं कमिशन बाहेर जातं, साखळी हॉटेल असेल तर नफाही बाहेर. पण त्या खोलीतल्या चादरी कुठे धुतल्या जातात? नाश्त्याचा पाव कुठल्या बेकरीतला? नळ गळला तर फोन कोणाला जातो? ही कामं गावातल्याच माणसांकडे असतील तर पैसा गावात आणखी चार हात फिरतो. त्यातही मला भरवसा वाटतो तो हॉटेलबरोबर दवाखान्याच्याही चादरी धुणाऱ्या लाँड्रीवाल्याचा. २०२० मध्ये पाहुणे एका फटक्यात बंद झाले, तेव्हा फक्त स्मरणिका विकणाऱ्यांकडे दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. पालिकेनं गाळे देताना, परवाने देताना हा फरक करायला काय हरकत आहे?

खर्चाचं म्हणाल तर जाहिरातबाजीला कात्री लावा, मी तुमच्या बाजूनं आहे. स्वच्छतागृहं, पदपथ, पिण्याचं पाणी यांना लावू नका. ती तुम्हीआम्हीही वापरतो. आणि पर्यटन कर सर्वसाधारण खात्यात बुडू देऊ नका. स्पेनच्या बेलिआरिक बेटांनी २०१६ पासून असा कर सुरू केला आणि त्याचा पैसा कशावर खर्चायचा हे कायद्यातच लिहून ठेवलं. पर्यावरण आणि वारसा जपणं त्यात आहेच, शिवाय परवडणारी भाड्याची घरंही आहेत.