'राऊ'च्या आधीचे इनामदार

ऐतिहासिक कादंबरीकार ना. सं. इनामदारांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांची ओळख तुम्ही पहिल्या बाजीराव-मस्तानीवरच्या 'राऊ' कादंबरीपासून सुरू करून तिथेच थांबवलीत, म्हणून लिहितोय. 'राऊ' आली १९७२ साली. त्यांची पहिली कादंबरी 'झेप' त्याआधीची, १९६३ची. 'राऊ'ची पारायणं करणाऱ्या माझ्यासारख्याच्या हाती ती आत्ता लागली आणि अक्षरशः झपाटून गेलो.

नायक कोण, तर दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे! शाळेच्या पुस्तकात हा माणूस बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५च्या खुनापुरता येतो आणि खलनायक ठरून जातो. इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं, तिथून तो १८१६ मध्ये निसटला. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार गाण्यातून त्याला निरोप पोचवायचा आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, ही हकीकत आजही सांगतात. अशा माणसाला पहिल्याच कादंबरीत मध्यभागी आणायचं, याला छातीच लागते.

पुढे 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव. इतिहासाने ज्यांना बदनाम केलं त्यांचीच बाजू इनामदार ऐकून घेतात. 'राऊ'तल्या मस्तानीबद्दलचा जिव्हाळा मला तरी इथूनच आलेला वाटतो.

सध्या 'झुंज' वाचतोय. १८०२ साली हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेला धूळ चारणाऱ्या यशवंतरावांवर तुम्ही सविस्तर लिहाच, आणि तेही इनामदारांच्या अंगाने.