बिल्डरचं मन दुखवू नका

नवा फ्लॅट घ्यायचं ठरवलंय ना? मग एक ध्यानात ठेवा, बिल्डरचं मन फार हळवं असतं. त्याला लागेल असं काही विचारायचं नाही.

पाडव्याच्या मुहूर्तावर साईटवर जा. पुण्यात वाकडच्या पुढं कुठंतरी, 'हिंजवडीपासून फक्त सात मिनिटं' वाली (पहाटे चारला मोजलेली असतात ती). कॉफी फुकट मिळते आणि सेल्सवाला इतक्या वेळा सर म्हणतो की घरी गेल्यावर चुकल्यासारखं वाटतं. सॅम्पल फ्लॅटमधल्या बेडवर आडवं होऊन बघू नका, पाय बाहेर येतात. दारं का नाहीत हेही विचारू नका, आणि खिशातून टेप काढलात तर तुमच्याइतका संशयी माणूस जगात नाही.

प्रोजेक्ट रेरात, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याखाली, रजिस्टर नसेल तर उत्तमच. महाराष्ट्रात २०१७ पासून हा कायदा लागू आहे, रजिस्ट्रेशनशिवाय बुकिंग घेता येत नाही, म्हणून त्याला बुकिंग म्हणत नाहीत, ईओआय म्हणतात, म्हणजे 'एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट', नुसती इच्छा. चेक तोच. आणि असेलच रजिस्टर, तर जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, त्यात पझेशनची सरकारदरबारी दिलेली तारीख दिसते अन् उगाच मूड जातो. सेल्सवाला डिसेंबर म्हणाला ना, बास. कुठला डिसेंबर ते कशाला.

अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत असं कायदा म्हणतो, पण तो "२५ भरा, रेट लॉक करतो" म्हणाला तर भरा की, कायद्यापेक्षा संबंध महत्त्वाचे. अ‍ॅग्रीमेंट शंभर-सव्वाशे पानी असतं, ते वाचायचं नसतं, "स्टँडर्ड ड्राफ्ट आहे सर, सगळे असाच साईन करतात." आमच्या काकांनी तीस वर्षं बँकेत लोकांच्या कर्जाचे कागद भिंग लावून तपासले आणि स्वतःच्या फ्लॅटच्या सह्या चहा पीत पीत केल्या. मग कळलं की समोरच्या गार्डनच्या जागी फेज टूचा टॉवर येतोय आणि त्याला काकांचीच संमती आहे, पान नंबर ६४.

पार्किंगचं म्हणाल तर उघड्यावरचं पार्किंग वेगळं विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच सांगून ठेवलंय. त्यामुळं कोणी विकत नाही हो, अलॉट करतात. पैसे फक्त दुसऱ्या नावानं घेतात.

तुमचा हप्ता चार दिवस लेट झाला की व्याजाचं लेटर येईल, ते निमूट भरा. पझेशन दोन वर्षं लेट झालं तर त्यालाही त्याच दरानं व्याज द्यावं लागतं, पण ते मागायचं म्हणजे अगदीच कोतेपणा नाही का? वाळू मिळत नव्हती बिचाऱ्याला.

शेवटी 'फर्निचरसाठी' म्हणून चावी मिळेल. ओसी (इमारत राहण्याजोगी झाल्याचं सरकारी सर्टिफिकेट) आलंय का विचारू नका, ते "या आठवड्यात" येतंच असतं. तुम्ही आपली वास्तुशांत उरकून घ्या, पाणी टँकरनं येतंय तोवर, बिल मेंटेनन्समध्ये लागेल.

आणि फेज टूसाठी फोन आला की मेव्हण्याचं नाव नक्की सुचवा, रेफरलचे पन्नास हजार मिळतात. ओसी आल्यावर.