शृंगारकथा लिहायची, पण कोणासाठी?

मराठीत शृंगारकथेवरून वाद पेटला की एक प्रश्न हमखास येतो: हे आयाबहिणींच्या हाती पडलं तर? दारव्ह्याकडच्या आमच्या शाळकरी मित्रांच्या ग्रुपवर एकाने स्वतःची कथा टाकली, तेव्हाही तेच झालं. ग्रुपवर एकही बाई नाही. मी इंग्लंडमधल्या लीड्सहून ते वाचत होतो, आणि माझं मत अगदी उलट आहे. बाईच्या हाती पडावी म्हणूनच ती लिहायला हवी.

कायद्यात ही भीती इंग्रजी कोर्टातून आली. १८६८ च्या हिक्लिन निकालाने सांगितलं, मजकूर अश्लील आहे का हे ठरवताना, ज्याचं मन सहज बिघडेल अशा कोणाच्या हाती तो पडू शकतो ते बघा. इथे इंग्लंडात १९५९ च्या कायद्याने, तो खरोखर वाचण्याचा संभव असलेला माणूस धरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये हिक्लिनची कसोटी बाजूला सारली. पारावर मात्र ती अजून चालते.

इथे इंग्लंडात बायका शृंगारिक कादंबऱ्या दुकानातून उघड घेतात, ट्रेनमध्ये वाचतात, आणि लिहिणाऱ्याला त्या समोर दिसत असतात. आपल्या एसटी स्टँडवरच्या पिवळ्या पुस्तकांचाही वाचक ठरलेला होता, एकटा पुरुष. म्हणून त्यातल्या बाईला ना इच्छा, ना नकार.

मित्राची नायिका महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये भेटते. आमच्या तालुक्यात कोणाला ती आपली वाटेल? घर दोन खोल्यांचं, सासूची खाट दाराशी, लेकरू मधात. एकांत मिळतो तो जागलीला. तुरीत रानडुकरं घुसू नयेत म्हणून दोघं रात्री वावरात, मचाणावर, एका गोधडीत. कापूस वेचून तिची बोटं ओरखडलेली. तो त्यांना खोबरेल तेल लावतो, हात मनगटाच्या वर सरकतो, थांबतो, तिच्याकडे बघतो. गोष्ट इथून सुरू होऊ दे. पस्तिशीची, दहावी शिकलेली, घरात सगळे झोपल्यावर मोबाइल हाती घेणारी बाई ती पुढे वाचेल.

मोबाइल घरात सगळ्यांचाच असतो. म्हणून भाग छोटे हवेत, शीर्षक साधं हवं, आणि मजकूर प्रौढांसाठी आहे हे वरच लिहिलेलं हवं.

तो आता दुसरी कथा लिहितोय. मी त्याला सांगितलं, ग्रुपवर टाकायच्या आधी वहिनींना वाचायला दे, आणि जिथे त्यांना खोटं वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांग.