बाकी काही औषधं चालू आहेत का?

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज चक्क खुशीत. मायग्रेनवर नवीन गोळी सुरू झालीये आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच अख्खा आठवडा डोकं न दुखता गेला म्हणे. मलाही बरं वाटलं. सहज गोळीचं नाव विचारलं. टोपिरामेट. डोस हळूहळू वाढवत दिवसाला 200 मिलिग्रॅमवर आणलाय. आणि ती गर्भनिरोधक गोळी घेत होतीस ना, ती?

"चालू आहे की. तिचा काय संबंध?"

तेव्हापासून माझं टाळकं सटकलंय.

संबंध आहे! टोपिरामेट यकृतातल्या एन्झाइम्सना जोर आणतं आणि ती एन्झाइम्स गर्भनिरोधक गोळीतल्या हार्मोन्सचा भराभर निकाल लावतात. 200 मिलिग्रॅम आणि त्यापुढे तर हे ठळकपणे होतं. म्हणजे बाई रोज रात्री न चुकता गोळी घेतेय, पाकिटातले खळगे ओळीने रिकामे होतायत, आणि संरक्षण मात्र अर्धवट. बरं, टोपिरामेट चालू असताना दिवस राहिले तर बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याचा धोका वाढतो, बाळ वजनाला कमी भरतं. जे औषध चालू असताना दिवस राहायलाच नकोत, तेच औषध दिवस राहू नयेत म्हणून घेतलेली गोळी कमकुवत करतं. याहून भयानक जोडी सांगा मला. ब्रिटनमध्ये 2024 पासून नियमच आहे की मूल होऊ शकेल अशा बाईला टोपिरामेट द्यायचं तर आधी गर्भनिरोधनाचं काय ते पक्कं करायचं आणि दर वर्षी पुन्हा तपासायचं.

मी तिला विचारलं, डॉक्टरांनी काहीच विचारलं नाही? "विचारलं ना. बाकी काही औषधं चालू आहेत का म्हणाले. मी नाही म्हटलं."

ती खोटं बोलली नाही हो. तिच्या लेखी औषध म्हणजे आजारी माणूस घेतो ते. ही गोळी ब्रशच्या शेजारी असते, दात घासले की घ्यायची आणि झोपायचं. डॉक्टरांच्या खोलीत डोक्याबद्दल बोलताना ती आठवेलच कशाला? आणि आठवली तरी ओळख ना पाळख अशा माणसासमोर आपणहून हा विषय काढायला किती जणी धजावतात, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नाव घेऊन विचारायचं. गोळी, इंजेक्शन, कॉपर टी, इम्प्लांट, यातलं काही वापरता का? एवढंच वाक्य. पेन ज्याच्या हातात आहे त्याने विचारायचं.

हो, डॉक्टरांना वेळ नसतो, बाहेर रांग असते, कळतं मला. आणि हो, मायग्रेनला बरेचदा 100 मिलिग्रॅमच देतात, तेवढ्याने हार्मोन्सवर फारसा परिणाम होत नाही. पण बाळाला असलेला धोका तेवढ्याने जात नाही, त्यामुळे प्रश्न टाळायला ही सबब चालणार नाही.

आता दुसरी बाजू, जिच्यावर मी जास्त चिडलेय. ही गर्भनिरोधक गोळी जिथे लिहून दिली तिथे वजन झालं, बीपी झालं, सिगारेट ओढता का हेही झालं. डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर काही दिसतं का, हे कुणीच विचारलं नाही. माझ्या बहिणीला शाळेपासून दिसतं. पुस्तकाच्या कडेला नागमोडी चमकती रेघ सुरू होते, ती सरकत सरकत ओळीतले शब्द गिळते. मग ही एक डोळा झाकून बघते, मग दुसरा. दोन्हींनी तेच दिसतं. थोड्या वेळाने ते जातं आणि डोकं सुरू होतं. याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेन असलेली गोळी द्यायचीच नसते, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत हे सरळ 'वापरू नका' या गटात आहे. नुसत्या प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनची गोळी ऑरावाल्यांना चालते, पण टोपिरामेट तिलाही कमजोर करतं. कॉपर टी किंवा हार्मोनची कॉइल या भानगडीतून सुटते, तिच्यावर टोपिरामेटचा परिणाम होत नाही. पर्याय आहेत हो! कुणी समोर ठेवले तर ना.

डोक्याचा डॉक्टर पोटाखालचं विचारत नाही, पोटाखालचा डॉक्टर डोक्याचं विचारत नाही. मधली बाई दोन चिठ्ठ्या घेऊन घरी येते.

तुम्ही म्हणाल, पाकिटातला कागद वाचायचा की. वाचायला हवा, मान्य. पण अंधाऱ्या खोलीत, डोक्याला ओढणी करकचून बांधून, शेजारी बादली ठेवून पडलेल्या बाईला तो मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा कागद वाचायला सांगून बघा एकदा. उलटीवरून आठवलं, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं: गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी धरायची नाही, दुसरी घ्यायची. मायग्रेनवाल्या बाईला हे पहिल्या दिवशी सांगायला नको?

खरं सांगू, तिच्यावर ओरडवेना. इतक्या वर्षांनी ती आठवडाभर माणसासारखी जगली. त्या गोळीने तिला जे दिलंय ते मला खोटं ठरवायचं नाहीये. म्हणून घाबरून काही बंद करू नकोस म्हटलं, टोपिरामेट एकदम सोडायचं नसतं. तोवर कंडोम वापरा. आणि उद्या सकाळी दोन्हीकडे फोन कर, त्या चमकत्या रेघेचं आवर्जून सांग, इस्ट्रोजेनच्या गोळीचा विषय लांबवू नकोस. औषध बदललं तरी यकृतातला तो जोर ओसरायला चारेक आठवडे जातात, हेही सांगून ठेवलं. मी सोबत जाणार आहे.

(साध्या पॅरासिटामॉलने गर्भनिरोधक गोळी निकामी होत नाही, उगाच इनबॉक्समध्ये धडकू नका.)

तुमच्यापैकी ज्या मायग्रेनवर रोजची गोळी घेतायत त्यांनी आज नाव बघा आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखवा. आणि खाली कुणी 'पाणी जास्त प्यायला सांग तिला' असं लिहिलं तर मी थेट अनफ्रेंड करणार आहे, आधीच सांगून ठेवते.