चालतंय ना? मग हात लावू नका!

धंद्यातलं तंत्रज्ञान सांभाळायचं असेल, तर आधी एक करा : ऑफिसच्या कोपऱ्यात डोकावणं सोडा. तिथे एक जुनाट कॉम्प्युटर घरघरत असतो. त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद : ‘बंद करू नये’. कोणी लावला, बंद केलं तर काय होईल, असल्या चौकशा करू नका. कागद पिवळा पडला की नवा लावा. याला मेंटेनन्स म्हणतात.

जुनं तर काहीच काढू नका. पडून राहिलं तर खातंय काय? नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीचंही हेच मत असावं. वर्षानुवर्षं न वापरलेला कोड त्यांनी सर्व्हरवर तसाच ठेवला होता. २०१२ च्या जुलैअखेरीस नवा प्रोग्राम आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, एकावर चढवायचा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या आठव्यावरचा म्हातारा कोड खडबडून जागा झाला. पाऊण तास नुसत्या ऑर्डरी सोडत सुटला. ४४ कोटी डॉलरच्या वर फटका! म्हाताऱ्याच्या अंगात अजून दम होता, हे मात्र सिद्ध झालं.

अपडेटचा निरोप आला की ‘नंतर आठवण करा’. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेला पॅच, म्हणजे सुरक्षेतलं भोक बुजवणारं ठिगळ, ज्यांनी असाच पुढे ढकलला, त्यांच्याकडे मे महिन्यात फायलींना कुलूप ठोकून खंडणी मागणारा व्हायरस ‘वॉनाक्राय’ स्वतः आठवण करून द्यायला आला.

बॅकअप? घ्या की. रोज घ्या. फक्त तो परत उघडतो का, हे बघायला जाऊ नका. इतका अविश्वास बरा नव्हे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपचे एक-दोन नव्हे, पाच उपाय योजलेले. वेळेला एकही धड कामाला आला नाही. कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली प्रत सापडली, म्हणून निभावलं. आणि हे सगळं त्या मंडळींनी जगाला उघडपणे सांगितलं! तुम्ही असला वेडेपणा करू नका. ‘तांत्रिक अडचण’ हे दोन शब्द कुठल्याही प्रसंगाला पुरतात.

राहता राहिला ‘तो’. प्रत्येक कंपनीत असतो. सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात, सगळ्या वायरी त्याच्या ओळखीच्या. त्याच्या हाताखाली कोणी देऊ नका, त्याला काही लिहून ठेवायला वेळ देऊ नका, आणि पगारवाढीच्या वेळी ‘आयटी म्हणजे नुसता खर्च’ हे त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा.

यथावकाश तो राजीनामा देईल. अर्धा तास हँडओव्हरसाठी राखून ठेवा, त्यातली वीस मिनिटं तुम्हीच बोला. जाताना तो एक वही देईल. तो गेल्यावर घाईघाईने उघडा आणि कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरचं पान काढा. तिथे एकच ओळ असेल :

‘मी आलो तेव्हाही चालूच होता.’